लढतीच्या व्हिडिओ गेमचा सराव : हात, नजर आणि जोडीदार

दोन खेळाडू, एकच पडदा, प्रत्येकाच्या हुकमतीत एकेक योद्धा आणि ठरावीक सेकंदांत समोरच्याची जीवनरेषा संपवण्याचे उद्दिष्ट, अशी ज्याची मांडणी असते त्या व्हिडिओ गेमला ‘फायटिंग गेम’ म्हणतात. कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ मध्ये आला असला, तरी या प्रकाराला आजचे रूप दिले ते १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने, त्यानंतर १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’, १९९३ मध्ये ‘व्हर्च्युआ फायटर’ आणि १९९४ मध्ये ‘टेकन’ असे एकामागून एक खेळ आले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गाजलेला ‘मुस्तफा’, म्हणजे कॅपकॉमचाच ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, हा मात्र या प्रकारात मोडत नाही, कारण त्यात खेळाडू एकमेकांच्या सोबतीने यंत्राने चालवलेल्या गुंडांशी लढतात. यंत्राचे वागणे पाठ करता येते. माणूस मात्र समोरच्याच्या सवयी ओळखतो आणि पुढच्या फेरीत त्यांचाच उपयोग करून घेतो, त्यामुळे काल यशस्वी ठरलेली चाल आज अंगावर येऊ शकते. फायटिंग गेमच्या सरावाचा वेगळा विचार करावा लागतो तो या कारणाने.

या खेळाला भारतात आता औपचारिक स्थान आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा, समावेश बहुक्रीडा स्पर्धांच्या कक्षेत करून तो विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२३ च्या शरद ऋतूत चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला आणि ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये अयान बिस्वास व मयंक प्रजापती यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्या प्रकाराचे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांना मिळाले, तेव्हा त्यांचे वय ४४ वर्षे होते. हा खेळ केवळ कोवळ्या वयाच्या चपळ बोटांचा आहे, या सार्वत्रिक समजुतीला याहून ठोस उत्तर सापडणे अवघड. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली, आणि २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात ‘स्ट्रीट फायटर ६’, ‘टेकन ८’ आणि ‘द किंग ऑफ फायटर्स १५’ हे तिन्ही खेळ समाविष्ट करण्यात आले.

असे असले तरी वर्धा, हिंगणघाट, आर्वी किंवा पुलगाव येथील घरात बसून खेळणारा तरुण सराव म्हणून जे करतो ते बहुधा एवढेच असते की ऑनलाइन सामन्यामागून सामना खेळत राहायचे, हरल्यावर चिडून पुन्हा खेळायचे आणि रँक वर गेली की प्रगती झाली असे मानायचे. या मार्गाने पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा होते, पुढे ती थांबते, आणि मग ‘आपल्यात ते नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून अनेक जण खेळ सोडतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासावरून ‘हेतुपूर्वक सराव’ ही संकल्पना मांडली. एखाद्या विशिष्ट उणिवेवर बेतलेले, लगेच चूक दाखवून देणारे आणि एकाग्रता मागणारे काम हाच सराव होय; नुसती पुनरावृत्ती किंवा नुसता आनंदाचा खेळ यांची गणना त्यात होत नाही. फायटिंग गेमच्या खेळाडूला हा भेद सर्वांत आधी समजून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी या खेळाचे आतले यंत्र कसे चालते हे पाहणे आवश्यक ठरते.

बहुतेक फायटिंग गेम एका सेकंदात ६० चित्रे दाखवतात. या प्रत्येक चित्राला ‘फ्रेम’ म्हणतात आणि एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. प्रत्येक ठोशाचे किंवा लाथेचे आयुष्य तीन टप्प्यांत विभागलेले असते. बटण दाबल्यापासून फटका लागू शकेपर्यंतचा काळ म्हणजे ‘स्टार्टअप’, फटका प्रत्यक्ष लागू शकतो तो सक्रिय काळ, आणि नंतर हातपाय पूर्वस्थितीला येईपर्यंतचा काळ म्हणजे ‘रिकव्हरी’, ज्यात योद्धा काहीही करू शकत नाही. समोरच्याने फटका अडवला, म्हणजे ‘ब्लॉक’ केला, तर दोघेही क्षणभर जखडलेले असतात आणि त्यांतला जो आधी मोकळा होतो त्याच्या बाजूला काही फ्रेमचा नफा राहतो. एखादी लाथ ब्लॉक झाल्यावर मारणारा १२ फ्रेम मागे पडत असेल आणि अडवणाऱ्याकडे १० फ्रेममध्ये लागणारा ठोसा असेल, तर तो ठोसा लागणारच. त्यात नशीब नाही, अंदाज नाही, निव्वळ वजाबाकी आहे. अशा खात्रीच्या परतफेडीला खेळाडू ‘पनिश’ म्हणतात. ‘टेकन’मध्ये बहुतेक योद्ध्यांचा सर्वांत वेगवान ठोसा १० फ्रेमचा असतो, तर ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये सर्वांत हलके फटके साधारण ४ फ्रेममध्ये लागतात.

या आकड्यांचे महत्त्व मानवी शरीराच्या मर्यादेशी ताडून पाहिल्यावर कळते. डोळ्यांनी काही पाहून बोट हलवायला निरोगी माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम; त्यात टीव्हीचा आणि नियंत्रकाचा विलंब मिळवला तर आकडा आणखी वाढतो. म्हणजेच ४ फ्रेमचा फटका पाहून अडवणे कोणालाही शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही. तो फटका अडवला जातो कारण खेळाडूने आधीच ब्लॉक धरून ठेवलेला असतो. याउलट ‘स्ट्रीट फायटर ६’मधील ‘ड्राइव्ह इम्पॅक्ट’ हा जोरकस हल्ला लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे ४३० मिलिसेकंदांहून थोडे अधिक, आणि तो पाहून उत्तर देता येते. तरीही असंख्य खेळाडू त्याला बळी पडतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले होते की संभाव्य पर्याय जितके जास्त, तितका प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढतो. समोरचा उडी मारेल, गोळा फेकेल, धावत येऊन पकडेल की ड्राइव्ह इम्पॅक्ट करेल, या चारही शक्यतांवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या मेंदूला कोणत्याच शक्यतेला वेळेत उत्तर देता येत नाही. अनुभवी खेळाडूंची नजर नवख्यांपेक्षा तेज नसते. त्यांना एकेका क्षणी कमी गोष्टींची वाट पाहावी लागते, कारण कोणत्या अंतरावर समोरच्याकडे कोणते पर्याय शिल्लक राहतात हे त्यांनी आधीच शिकून ठेवलेले असते आणि हाताची कामे विचार न करता होण्याइतकी पक्की केलेली असतात.

हाताच्या कामापासून सुरुवात करणे म्हणूनच श्रेयस्कर. फायटिंग गेममधील विशेष डाव दिशा आणि बटण यांच्या ठरावीक क्रमाने निघतात. खेळाडू तो क्रम लिहिण्यासाठी संगणकाच्या अंकपटाचा आधार घेतात, ज्यात ५ म्हणजे मधली स्थिर अवस्था, २ खाली, ६ पुढे आणि ३ खाली-पुढे. म्हणजे ‘स्ट्रीट फायटर’मधील रियू या योद्ध्याचा प्रसिद्ध अग्निगोळा ‘२३६ आणि ठोसा’ असा लिहिला जातो. एकामागून एक असे फटके जोडायचे की पहिला लागल्यावर उरलेले अडवताच येऊ नयेत, याला ‘कॉम्बो’ म्हणतात. विशेष म्हणजे ही कल्पना योजून आणलेली नव्हती. ‘स्ट्रीट फायटर २’ घडवताना आपोआप शक्य झालेली ही गोष्ट निर्मात्यांनी राहू दिली आणि पुढे साऱ्या प्रकाराचा तोच कणा झाला. नवा खेळाडू बहुतेकदा सर्वांत लांब आणि देखणा कॉम्बो पाठ करायला घेतो. त्यापेक्षा छोटा, दोन-तीन फटक्यांचा आणि प्रत्येक सामन्यात दहा वेळा उपयोगी पडणारा कॉम्बो डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंनी न चुकता काढता येणे कितीतरी मोलाचे आहे. बाजू बदलली की दिशा उलट होतात, आणि एकाच बाजूने घोटलेला हात ऐन सामन्यात दगा देतो.

हाताचे कौशल्य मोजून, टप्प्याटप्प्याने आणि रोजच्या नोंदीसह शिकवावे, या विचाराशी वर्धा जिल्ह्याचे नाते जुने आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाचा आराखडा तयार केला आणि पुढे सेवाग्राममध्ये हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने आशादेवी व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् या दांपत्याने ‘नई तालीम’चे काम वाढवले. त्या अभ्यासक्रमात कताई हा विषय मोघम ठेवलेला नव्हता. कोणत्या इयत्तेच्या अखेरीस मुलाची टकळीवरची व चरख्यावरची गती किती असावी आणि सूत कोणत्या अंकाचे निघावे, याची अपेक्षा लिहून दिलेली होती. सूत तुटले तर का तुटले, पेळू नीट नव्हता की हात घाईने ओढला गेला, हा प्रश्न विचारणे हाच तिथे धडा होता. नई तालीमचा हेतू उत्पादक श्रमाचा होता आणि व्हिडिओ गेममधून काहीही उत्पादन होत नाही, हा फरक मूलभूत आहे व तो झाकण्याचे कारण नाही. परंतु हात कसा शिकतो या प्रश्नाला त्या आराखड्याने दिलेले उत्तर, म्हणजे काम लहान तुकड्यांत तोडावे, प्रत्येक तुकड्याला माप लावावे आणि गतीच्या आधी समानता साधावी, हे आजच्या कोणत्याही सूक्ष्म हस्तकौशल्याला जसेच्या तसे लागू पडते. वीसपैकी किती वेळा कॉम्बो पूर्ण झाला याची वहीत नोंद ठेवणारा खेळाडू, कुठल्या दुव्यावर हात अडतो हे चार दिवसांत ओळखतो. नोंद न ठेवणारा महिनाभर संपूर्ण कॉम्बो पुन्हा पुन्हा करत राहतो आणि त्याच ठिकाणी अडतो.

आधुनिक फायटिंग गेममधील ‘ट्रेनिंग मोड’ ही या दृष्टीने अत्यंत मोलाची सोय आहे आणि तिचा पुरता उपयोग करणारे थोडेच आढळतात. यात समोर एक निश्चल पुतळा उभा असतो, त्याच्यावर कॉम्बो घोटता येतो, येथवर बहुतेकांना ठाऊक असते. मात्र या पुतळ्याला खेळाडू स्वतःच चाली शिकवू शकतो; वेगवेगळ्या हालचाली ध्वनिमुद्रणाप्रमाणे नोंदवून ठेवल्या की पुतळा त्या कोणत्याही क्रमाने करून दाखवतो. समजा, उडी मारून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हवेतच पाडणे, म्हणजे ‘अँटी-एअर’, ही एखाद्याची उणीव आहे. पहिल्या टप्प्यात पुतळ्याला फक्त उडी मारायला शिकवावे आणि योग्य फटका कोणत्या उंचीवर द्यायचा ते हाताला समजू द्यावे. दुसऱ्या टप्प्यात त्याला उडी, गोळा आणि नुसतेच पुढे चालत येणे अशा तीन चाली द्याव्यात, म्हणजे उडी कधी येणार हे खेळाडूला आधी ठाऊक नसेल आणि गोळा आल्यावर चुकून अँटी-एअर निघाला तर ती चूकही दिसेल. तिसरा टप्पा खऱ्या सामन्यांचा, पण त्या सामन्यांत जिंकण्याचा विचार बाजूला ठेवून फक्त किती उड्या आल्या आणि किती पाडल्या एवढेच मोजायचे. हरलेल्या सामन्यात सातपैकी पाच उड्या पाडल्या असतील तर तो दिवस यशाचा मानावा, आणि हे मानणे मनाला जड जाते हे खरे असले तरी त्याला पर्याय नाही.

पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना कामगिरी एकदम घसरते आणि खेळाडू घाबरून पुन्हा सोप्या टप्प्याकडे वळतो. या संदर्भात जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांचा १९७९ मधील प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी काही जणांना हाताच्या तीन हालचाली एकेक करून, म्हणजे पहिली पूर्ण घोटून मग दुसरी, अशा रीतीने शिकवल्या आणि काही जणांना त्याच हालचाली सरमिसळ क्रमाने करायला लावल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस दिसला. पण काही काळानंतर घेतलेल्या चाचणीत सरमिसळ सराव केलेला गट पुढे निघाला. थोडक्यात, सराव करताना येणारी सहजता फसवी असू शकते. रोज तासभर एकच कॉम्बो सफाईने काढणाऱ्याला आपण तयार आहोत असे वाटते, परंतु सामन्यात तो कॉम्बो एकटा येत नाही, दहा गोष्टींच्या मध्ये अचानक येतो. हालचाल प्रथम समजेपर्यंत एकेक करून घोटावी, समजली की लगेच सरमिसळ करावी, आणि एका बैठकीत तीन तास घालवण्यापेक्षा रोज अर्धा-पाऊण तास द्यावा, कारण मधल्या विश्रांतीत आणि झोपेत हाताची स्मृती पक्की होत असते.

हार कशामुळे झाली हे ओळखणे हा सरावाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सामन्याचे चित्रण, म्हणजे ‘रिप्ले’, हे बहुतेक खेळांत आपोआप साठवले जाते, आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘टेकन ८’ने तर आपल्याच रिप्लेच्या मध्यात शिरून तो क्षण पुन्हा खेळून पाहण्याची सोय दिली. रिप्ले पाहताना प्रत्येक मोठ्या फटक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारावा : येथे नेमके काय कमी पडले? कधी समोरच्याची चाल माहीतच नसते, ती ब्लॉक केल्यावर पनिश करता येते हे ठाऊक नसते. अशा वेळी सरावाची गरजच नाही, दहा मिनिटांचे वाचन किंवा ट्रेनिंग मोडमधील एक प्रयोग पुरतो. कधी माहिती असते पण हात चुकतो, आणि तिथे घोटण्याला पर्याय नाही. कधी माहिती आणि हात दोन्ही असूनही डोळे भलतीकडे, बहुतेकदा स्वतःच्या योद्ध्यावर, खिळलेले असतात. प्रतिस्पर्ध्याकडे पाहत खेळण्याची सवय ही अनेकांना आयुष्यात प्रथमच जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. राहता राहिला निव्वळ अंदाज चुकण्याचा प्रकार. उठताना ब्लॉक करावा की पकड सोडवावी, यांत कोणताही पर्याय कायम बरोबर नसतो, आणि अशी हार सरावाने टळत नाही. तिच्याबद्दल स्वतःला दोष देणेही गैर. बहुतेक खेळाडू मात्र अज्ञानाने झालेल्या हारीवर तासन्‌तास हात घोटतात आणि अंदाज चुकल्याने झालेल्या हारीवर योद्धा बदलतात. योद्धा बदलणे हा तर वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय आहे, कारण पहिले सहा महिने शिकायच्या गोष्टी, म्हणजे अंतर, ब्लॉक, अँटी-एअर, पनिश, या सर्व योद्ध्यांना सारख्याच लागतात.

नेमक्या प्रसंगाचा आगाऊ सराव काय करू शकतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००४ च्या ऑगस्टमधील आहे. अमेरिकेतील ‘इव्हो’ या स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’च्या एका निर्णायक लढतीत जपानच्या दाइगो उमेहारा यांच्या केन या योद्ध्याची जीवनरेषा जवळजवळ संपली होती, इतकी की अमेरिकेच्या जस्टिन वाँग यांच्या चुन-लीचा विशेष फटका नुसता ब्लॉक केला असता तरी त्यातून होणाऱ्या किरकोळ हानीने केन पडला असता. वाँग यांनी १५ फटक्यांची लाथांची मालिका सोडली आणि उमेहारा यांनी ते सर्व फटके ‘पॅरी’ केले. पॅरी म्हणजे फटका येण्याच्या नेमक्या क्षणी त्याच्या दिशेने कळ पुढे ढकलून तो निष्प्रभ करणे. हे काही फ्रेमच्या फटीत साधावे लागते, आणि पहिली पॅरी तर हल्ला दिसल्यावर देऊन भागत नाही, तो येणार या अंदाजाने द्यावी लागते. पाहणाऱ्यांना तो चमत्कार वाटला. परंतु त्या लाथांची लय आधीपासून हातात बसलेली असल्याखेरीज ते शक्य नव्हते. त्या क्षणी उमेहारा यांना फक्त एकच निर्णय घ्यायचा होता, वाँग आता हल्ला करतील की नाही एवढाच. उमेहारा ती स्पर्धा अंतिम फेरीत हरले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण सराव विजयाची हमी देत नाही हे समजण्यासाठी ती सांगायला हवी.

आता वर्ध्यासारख्या ठिकाणच्या प्रत्यक्ष अडचणींकडे वळले पाहिजे. या प्रकारासाठी मोबाइलचा काचेचा पडदा अपुरा आहे, कारण बोटाला कळेची कड जाणवत नाही आणि दिशा नकळत चुकतात. पण महागडी आर्केड स्टिकही आवश्यक नाही. साधा तारेचा गेमपॅड पुरतो आणि संगणकाचा कीबोर्डही चालतो, फक्त स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकत्र दाबल्यास त्यांतली एखादी नोंदली जात नाही, हे आधी तपासून घ्यावे. टीव्हीवर खेळत असल्यास त्याच्या मांडणीतील ‘गेम मोड’ सुरू करावा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेतच कित्येक फ्रेम वाया जातात. ऑनलाइन खेळताना वायफायऐवजी राउटरपासून केबल लावणे हा एकच बदल अनेक तक्रारी मिटवतो. वर्धा ते मुंबई हे साधारण ७५० किलोमीटरचे अंतर प्रकाशतंतूतून प्रकाश ४ मिलिसेकंदांच्या आत कापतो, त्यामुळे महाराष्ट्रातल्या दोन खेळाडूंमधील विलंबाचे कारण अंतर नसते. ते बहुधा घरातील वायफायची अस्थिरता आणि जोडणीचे वळसे हेच असते. अलीकडच्या खेळांत ‘रोलबॅक’ ही पद्धत वापरली जाते. टोनी कॅनन यांनी दोन हजारच्या दशकात ती फायटिंग गेमसाठी प्रचारात आणली. समोरच्याची कळ अजून पोहोचली नसेल तर खेळ थांबत नाही. त्याने आधीचीच कळ धरून ठेवली असेल असे गृहीत धरून यंत्र पुढे जाते आणि अंदाज चुकल्यास काही फ्रेम मागे जाऊन सारे पुन्हा मांडते. जोडणी स्थिर असेल तर हे जाणवतही नाही, अस्थिर असेल तर मात्र योद्धे पडद्यावर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेतल्यासारखे दिसतात आणि अशा सामन्यातून वाईट सवयीच लागतात.

आतापर्यंत सांगितलेले सर्व काम एकट्याने होऊ शकते. त्यापुढचे होऊ शकत नाही. कुस्तीच्या तालमीत मल्ल दंड-बैठका एकट्याने मारतो, पण ‘जोर’ करायला त्याला जोडीदार लागतो, आणि तोही बरोबरीचा एक, थोडा कच्चा एक आणि वस्तादाच्या नजरेखालचा सरस एक, असा. कच्च्यावर नवा डाव आजमावता येतो, बरोबरीच्याशी तो टिकतो का ते दिसते आणि सरस मल्ल त्याची तोड दाखवतो. फायटिंग गेममध्ये ऑनलाइन रँकच्या यंत्रणेने जोडीदार पुरवला असला तरी तो दोन-तीन फेऱ्यांत नाहीसा होतो, बोलत नाही आणि ‘ती चाल तू का केलीस’ याचे उत्तर देत नाही. शेजारी बसून दहा विजयांपर्यंत खेळलेल्या लांब लढतीत पहिल्या चार-पाच सामन्यांनंतर दोघांच्याही सवयी उघड्या पडतात, आणि त्यानंतर खरा खेळ सुरू होतो.

याचा दक्षिण आशियातील सर्वांत ठळक पुरावा लाहोरचा आहे. अर्सलान सिद्दिकी, म्हणजेच ‘अर्सलान ॲश’, हा खेळाडू स्थानिक आर्केडमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स’ आणि पुढे ‘टेकन’ खेळत वाढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये इव्हो जपान आणि त्याच वर्षी लास वेगासमधील मुख्य इव्हो स्पर्धा त्याने जिंकली, तोवर जगाला पाकिस्तानात टेकन इतक्या उंचीवर खेळला जातो याची कल्पना नव्हती. आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत असे त्याने सांगितले, आणि कोरियाचे नामवंत खेळाडू बे जे-मिन ‘नी’ प्रत्यक्ष तेथे गेले तेव्हा त्यांना अनेक स्थानिक खेळाडूंकडून पराभव पत्करावा लागला. २०२३ आणि २०२४ मध्येही इव्होचे टेकनचे अजिंक्यपद अर्सलानकडेच गेले. या यशामागे महागडी साधने, शासकीय प्रबोधिनी किंवा परदेशी प्रशिक्षक नव्हते. एकमेकांना वर्षानुवर्षे रोज हरवणारा आणि हरल्यावर तोड शोधून दुसऱ्या दिवशी परत येणारा एक घट्ट गट होता. मुंबई, दिल्ली किंवा टोकियोपासून दूर असणे हा अडथळा आहे खरा, पण तो ओलांडता येतो, असा याचा अर्थ.

शरीराविषयीही थोडे सांगणे भाग आहे. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले तर सराव त्याच क्षणी थांबवावा. दुखऱ्या हाताने घोटलेली हालचाल चुकीचीच बसते. पाऊण तासानंतर उठून चालावे, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना बंद खोलीत दुपारी खेळण्यापेक्षा सकाळची वेळ धरावी. संतापाच्या भरात खेळलेल्या सामन्यांतून शिकण्यासारखे काही हाती लागत नाही, म्हणून सलग तीन हारींनंतर रँकचे सामने बंद करून ट्रेनिंग मोडकडे वळण्याचा नियम अनेकांना उपकारक ठरला आहे. पैसे लावून खेळण्याचे आमिष दाखवणाऱ्या कोणत्याही ॲपचा या खेळाशी संबंध नाही आणि त्यापासून मुलांनी व पालकांनी सावध राहावे.

वर्धा जिल्ह्याला आज गरज आहे ती लाहोरसारख्याच एका घट्ट गटाची. वर्ध्यातील जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय व गो. से. वाणिज्य महाविद्यालय, सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देशभरातील विद्यार्थी ज्याच्या वसतिगृहांत राहतात ते महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, एवढ्या संस्था काही किलोमीटरच्या परिसरात असताना आठवड्यातून एका संध्याकाळी एक खोली, दोन पडदे आणि चार गेमपॅड जमवणे मुळीच अवघड नाही. क्रीडा विभागांनी बुद्धिबळ-कॅरमच्या जोडीला ही एक संध्याकाळ उघडून द्यावी, हिंगणघाट आणि आर्वीच्या खेळाडूंना तिचे निमंत्रण द्यावे, आणि जे आज आपापल्या खोलीत एकटे खेळत आहेत त्यांनी पुढच्या शनिवारी आपला गेमपॅड पिशवीत घालून जवळच्या जोडीदाराकडे जावे.